कुत्र्याचं नाव काय ठेवाल?

'केंटकी रूट झिरो' हा व्हिडिओ गेम सुरू होतो तो एका पेट्रोल पंपावर. पंपाच्या माथ्यावर घोड्याचं अवाढव्य मुंडकं, दारात खुर्ची टाकून बसलेला जोसेफ नावाचा आंधळा म्हातारा, आणि ट्रकमधून उतरणारा कॉनवे. जुन्या वस्तूंच्या दुकानाचा माल पोचवायचा हे कॉनवेचं काम. सोबत गवताची टोपी घातलेलं म्हातारं कुत्रं आहे. कुत्र्याच्या नावाचा विषय निघतो आणि उत्तर खेळणाऱ्याने द्यायचं असतं. पर्याय तीन. होमर म्हणा. ब्लू म्हणा. नाहीतर, असंच कुठलंतरी कुत्रं आहे, नाव ठाऊक नाही, असं सांगून मोकळे व्हा.

होमर म्हणालात तर एका आंधळ्या म्हाताऱ्यासमोर आंधळ्या महाकवीचं नाव उच्चारलंत. ब्लू म्हणालात तर अमेरिकेच्या दक्षिणेत पिढ्यान् पिढ्या गायलं गेलेलं 'ओल्ड ब्लू' हे शिकारी कुत्र्याचं लोकगीत दारात आणून बांधलंत. तिसरा पर्याय घेतलात तर ना साहित्य, ना संगीत, नुसतं कुत्रं. तिन्ही वाटांनी गेम पुढे जातो. होमर ओळखला म्हणून गुण नाहीत, नाही ओळखला म्हणून दंड नाही.

मला हा गेम आवडतो तो इथपासूनच.

गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये पुस्तकांचे आणि गाण्यांचे संदर्भ पेरण्याची आता साथच आली आहे. पात्राच्या मागच्या फळीवर नीत्शेचं पुस्तक, खलनायकाच्या तोंडी शेक्सपिअर, कोपऱ्यातल्या रेडिओवर जुना जाझ. आणि खेळणारेही असे, की हे सगळं पोस्टाच्या तिकिटांसारखं गोळा करतात. अमुक ठिकाणी तमुक पुस्तक दिसतं, एवढं सांगितलं की गेम समजून घेतल्याचं समाधान. मी याला रसिकता म्हणणार नाही. ही हजेरी झाली. संदर्भ ही उसनवारी असते. उसनं आणलं कोणाकडून ते सांगावं लागतं, आणि आणलेल्या वस्तूकडून घरात काम करून घ्यावं लागतं. बहुतेक गेम यातलं एकही करत नाहीत. 'केंटकी रूट झिरो' दोन्ही करतो.

आधी गेमचा तपशील सांगतो. जेक इलियट, तमाश केमेन्सी आणि संगीतकार बेन बाबिट अशी तिघांची मंडळी. 'कार्डबोर्ड कॉम्प्युटर' हे त्यांच्या कंपनीचं नाव. 2011मध्ये लोकवर्गणीतून साडेआठ हजार डॉलर जमवून काम सुरू झालं. नाटकासारखे पाच अंक. पहिला जानेवारी 2013मध्ये आला, पाचवा जानेवारी 2020मध्ये. सात वर्षं. तिसऱ्या अंकानंतर चौथ्यासाठी लोकांनी दोन वर्षं वाट पाहिली. गोष्ट म्हटली तर एका ओळीची आहे. कॉनवेला शेवटचा माल '5, डॉगवुड ड्राइव्ह' या पत्त्यावर पोचवायचा आहे, पत्ता कोणालाच ठाऊक नाही, आणि तिथे जायचा रस्ता केंटकीच्या जमिनीखालून, गुहांमधून जातो. पण मूळ विषय आहे कर्ज. या गेममधला जवळजवळ प्रत्येक माणूस कोणाचं ना कोणाचं देणं लागतो. दवाखान्याचं, कॉलेजचं, वीज कंपनीचं, गुत्त्याचं.

म्हणून उसनवारीची गोष्ट इथे काढली.

कॉनवेला वाटेत भेटते शॅनन मार्केझ. जुने टीव्ही दुरुस्त करते. तिची चुलतबहीण वीव्हर, गणितात हुशार, शिक्षणाच्या कर्जाखाली दबलेली आणि नाहीशी झालेली. आडनाव कोलंबियाच्या गार्सिया मार्केझकडून आलंय हे कोणीही सांगेल. खरी गंमत पहिल्या नावांत आहे. क्लॉड शॅनन आणि वॉरन वीव्हर या दोघांच्या नावावर 1949 साली 'द मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन' हे पुस्तक निघालं. संदेश पाठवणारा, घेणारा, आणि दोघांच्या मधल्या वाटेवरची खरखर, ही मांडणी त्या पुस्तकाने घरोघर पोचवली. आता गेममध्ये बघा. एक बहीण टीव्हीची खरखर दुरुस्त करून पोट भरते. दुसरी कुठून बोलते, जिवंत आहे की नाही, याचा पत्ता लागत नाही, आणि तिच्याकडून मिळणारी वाट एका जुन्या टीव्हीच्या पडद्यातून उघडते. ते पुस्तक तुम्ही कधी हातात धरलं नसेल तरी दोन बहिणींमधली खरखर तुम्हाला ऐकू येतेच. धरलं असेल तर ती जास्त टोचते. संदर्भाने करायचं काम एवढंच असतं, आणि ते किती कमी लोकांना जमतं!

तिसऱ्या अंकातल्या दारूच्या गुत्त्याचं नाव 'द लोअर डेप्थ्स'. गॉर्कीच्या नाटकाचं हे इंग्रजी नाव. 1902च्या डिसेंबरात स्तानिस्लाव्हस्कीच्या मॉस्को आर्ट थिएटरने ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. तळघरातल्या धर्मशाळेत साठलेली माणसं, कोणाकडे भाडं नाही, कोणाकडे उद्या नाही. पुढे युजीन ओनीलने 'द आइसमन कमेथ'मध्ये तशीच माणसं न्यूयॉर्कच्या गुत्त्यात आणून बसवली. समीक्षक तेव्हापासून या दोन नाटकांची जोडी लावत आले आहेत. ओनीलच्या गुत्त्याच्या मालकाचं नाव हॅरी. गेममधल्या गुत्त्याच्या मालकाचं नावही हॅरीच. म्हणजे रशियाचं कर्ज अमेरिकेने घेतलं, आणि त्या दोघांचं मिळून या तिघा पोरांनी घेतलं, नावासकट, उघडपणे. जाता जाता सांगतो, ओनीलचं नाटक रंगमंचावर आलं त्याच 1946 साली चेतन आनंदचा 'नीचा नगर' कान महोत्सवात गाजला. त्याचीही मुळं गॉर्कीच्या याच नाटकात. आपल्याकडे त्या वर्षी याच तळघराची एक किल्ली होती, आणि आज गेमवाले ती वापरतात तेव्हा आपण नवलाने बघतो.

पण नुसती पाटी लावून ही मंडळी थांबली नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये 2013 सालीच त्यांनी 'द एंटरटेनमेंट' नावाचा एक छोटा प्रवेश काढला. त्यात तुम्ही त्याच गुत्त्यात एका टेबलाशी बसलेले आहात. आजूबाजूला माणसं बोलत असतात, उधारीचं खातं निघतं, मालकाच्या डोक्यावरही वरच्यांचं देणं आहे हे कळतं. तुम्हाला उठता येत नाही, बोलता येत नाही. फक्त मान वळवता येते. मान वळवलीत की दिसतं, वर दिवे लटकलेत, समोर प्रेक्षक बसलेत. तुम्ही नाटकात आहात. एकही संवाद नसलेलं, कोपऱ्यात पिणारं पात्र तुमच्या वाट्याला आलंय. हातात कळफलक किंवा रिमोट असलेल्या माणसाची एकच अपेक्षा असते, मी काहीतरी करणार. त्याच्याकडून तेवढंच काढून घेतलं आहे. गॉर्कीच्या तळघरातल्या माणसांची लाचारी याहून चोख कशी दाखवायची, मला सुचत नाही. नाटकाच्या खुर्चीत बसून ती दिसते. इथे ती अंगावर येते.

'हार्ड टाइम्स' हे दारूच्या भट्टीचं नाव. 1854 साली डिकन्सने त्या नावाची कादंबरी लिहिली, आणि त्याच साली स्टीफन फॉस्टरचं कठीण दिवसांवरचं प्रसिद्ध गाणं छापून आलं. हा फॉस्टर म्हणजे केंटकीचं राज्यगीत ज्याच्या नावावर आहे तो. भट्टीत काम करणारे सगळे कामगार चमकणारे सांगाडे आहेत. कर्ज फेडायला आले आणि तिथलेच झाले. कॉनवेचा पाय मोडतो, डॉक्टर उपचार करतो, उपचाराचं बिल होतं, आणि बरा झालेला पाय सांगाड्याचा निघतो. मग एक घोट दारू, आणि तिची किंमत म्हणजे नोकरी. चौथ्या अंकात तो पुरता सांगाडा होऊन त्यांच्या बोटीत निघून जातो. ज्याला घेऊन तुम्ही इतकं चालत आलात, तो नायक निरोपही न घेता गोष्टीतून वजा होतो. केंटकीच्या कोळसा खाणींत कंपन्या मजुरी नाण्यांऐवजी स्वतःच्या टोकनांत देत, आणि ती टोकनं फक्त कंपनीच्याच दुकानात चालत. मर्ल ट्रॅव्हिसने याच राज्यातल्या खाणकामगारांच्या हालांवर 'सिक्स्टीन टन्स' लिहिलं. ते गाणं गेममध्ये कुठे वाजत नाही. वाजायची गरजच नाही, सांगाडे ते जगून दाखवतात.

आता झनाडू.

गुहेच्या पोटात एक दालन आहे, 'हॉल ऑफ द माउंटन किंग'. इब्सेनच्या 'पीअर गिंट'साठी ग्रीगने 1875मध्ये बांधलेल्या संगीतातल्या तुकड्याचं हे नाव. तिथे जुन्या संगणकांच्या ढिगाऱ्यात डोनाल्ड नावाचा माणूस बसलाय. त्याने तारुण्यात झनाडू नावाचा एक संगणक-प्रकल्प सुरू केला, तो अजून पुरा झालेला नाही. यंत्रावर बुरशी चढली आहे. झनाडूत काय आहे? डोनाल्ड, जोसेफ आणि त्या दोघांनाही आवडलेली लूला, या तिघांचं उमेदीतलं आयुष्य, शब्दांत लिहिलेल्या गेमच्या रूपात. म्हणजे गेमच्या आत गेम.

इथे एका नावाखाली तीन माणसं उभी आहेत. पहिला कोलरिज. त्याची 'कुब्ला खान' ही कविता 1816मध्ये छापली गेली, ती अपुरी. पॉर्लॉक गावाहून कोणीतरी कामानिमित्त आलं आणि स्वप्नात सुचलेलं पुसलं गेलं, असं त्याने स्वतःच प्रस्तावनेत सांगितलं आहे. झनाडू हे नाव तिथून. दुसरा टेड नेल्सन. 'हायपरटेक्स्ट' हा शब्द ज्याने घडवला तो. 1960मध्ये त्याने 'प्रोजेक्ट झनाडू' सुरू केला. त्याचं स्वप्न असं, की जगातलं सगळं लिखाण एकमेकांना जोडलेलं असावं, कोणी कोणाचं वाक्य उचललं तर त्या वाक्याची नाळ मूळ मजकुराशी कायम राहावी, आणि वाचणाऱ्याकडून मूळ लेखकाला बारीकसा मोबदला मिळावा. त्याने पाहिलं तसं ते कधीच उभं राहिलं नाही. तिसरा विल क्राउदर. हा प्रोग्रॅमर होता आणि केंटकीच्या मॅमथ केव्हमध्ये उतरून मोजणी करणाऱ्या हौशी गटातलाही होता. ही जगातली ज्ञात असलेली सर्वांत लांब गुहा, साडेसहाशे किलोमीटरांहून जास्त. घटस्फोटानंतर त्याने 1975-76च्या सुमारास मुलींना खेळता यावा म्हणून त्या गुहेवर शब्दांचा एक गेम लिहिला, 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर'. पुढे डॉन वुड्सने तो वाढवला. डोनाल्ड हे नाव योगायोगाने आलं असेल, असं मला वाटत नाही.

तुटलेल्या घरातून निघालेला, खऱ्या गुहेत उभा असलेला, शब्दांनी बांधलेला गेम. डोनाल्डचा झनाडू वाचताना क्राउदर मनात येतो तो यासाठी. आणि नेल्सनची कल्पना तर या सगळ्या गेमची घटनाच आहे. प्रत्येक उसन्या वस्तूची नाळ मूळ मालकाशी राहिली पाहिजे. भट्टीचं देणं माणसाला सांगाडा करतं. गॉर्कीचं, क्राउदरचं, खाणीतल्या गाण्यांचं देणं मान्य केलं की माणूस मोठ्या घराण्यातला होतो. एकाच गेममध्ये कर्जाच्या या दोन्ही जाती समोरासमोर ठेवल्या आहेत, आणि दुसरीचं नाव न घेता.

संगीताकडे येतो, कारण या गेममधला सर्वांत सुंदर क्षण गाण्याचा आहे.

'द बेडक्विल्ट रॅम्बलर्स' नावाचा एक ताफा गेममध्ये मधूनच छायाकृतीसारखा उगवतो आणि जुनी गाणी गातो. 'बेडक्विल्ट' ही क्राउदरच्या गेममधली एक खोली, आणि केंटकीच्या त्या गुहांमधली खरीखुरी जागाही. दुसऱ्या अंकात, जंगलात ते 'लाँग जर्नी होम' गातात. 1936मध्ये मन्रो बंधूंनी ते ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यांतला बिल मन्रो केंटकीतल्या रोझीन गावचा. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या ताफ्यावरून ब्लूग्रास हे नाव सगळ्या संगीतप्रकाराला मिळालं. म्हणजे हे गाणं बाहेरून आणून सजावटीला लावलेलं नाही, त्या मातीतलंच आहे. बेन बाबिटने ते आपल्या पद्धतीने पुन्हा बांधलं आहे. तिकडे चौथ्या अंकातल्या बोटीवर थेरेमिन वाजवणारी क्लारा भेटते. थेरेमिनच्या थोर वादक क्लारा रॉकमोर यांना केलेला तो सरळ नमस्कार. मी त्यावर जास्त थांबत नाही, गेमही थांबत नाही.

थांबायचं ते जूनबग आणि जॉनीपाशी. मोटारसायकलवर फिरणारी ही गायकांची जोडी मुळात यंत्रं आहेत. पाणी भरलेल्या खाणीची साफसफाई करायला कंपनीने त्यांना बनवलं होतं. त्यांनी कामावरून पाय काढला, स्वतःचा चेहरामोहरा स्वतः बदलला आणि गायला लागली. रात्री ती हॅरीच्या गुत्त्यात गायला उभी राहतात. समोर श्रोते म्हणजे मोजकी माणसं. पहिला सूर लागतो आणि गुत्त्याचं छप्पर वर उचललं जातं, आभाळ दिसू लागतं. गाण्याचं नाव 'टू लेट टू लव्ह यू'. प्रत्येक कडव्यात पुढची ओळ कुठली, हे तुमच्यासमोर ठेवलं जातं. तुम्ही एक ओळ निवडता, जूनबग ती गाते. चुकीची ओळ नाहीच. वेळेत नेमकं बटण दाबलं नाही म्हणून कोणी हुर्यो करत नाही. संगीताच्या गेममध्ये बोटांची कसरत असते, इथे मनाची आहे. कुठली ओळ गायली गेली तर आज बरं वाटेल, एवढं एकच ठरवायचं. पहिल्या अंकात पंपावरच्या संगणकाचा पासवर्डही कवितेसारखा असतो आणि तोही असाच ओळी निवडत जुळवायचा, कुठल्याही जुळवा, दार उघडतं. तिथे ती युक्ती होती. तिसऱ्या अंकात तीच युक्ती गाणं होते, आणि मी जेव्हा जेव्हा ते ऐकतो तेव्हा घसा दाटतो.

सगळंच असं साधलेलं नाही, हेही लिहून टाकतो. 'लिमिट्स अँड डेमॉन्स्ट्रेशन्स' हा मधला प्रवेश म्हणजे लूलाच्या कलाकृतींचं प्रदर्शन. त्यात कलावंत नाम जून पाइकच्या भिंतीवर चिकटवलेल्या ध्वनिफितींची आठवण आहे. पाइक ठाऊक नसलेला माणूस तिथे नुसता येरझारा घालतो. कुत्र्याचं नाव विचारताना दाखवलेली दानत त्या दालनात सापडत नाही. संदर्भ ओळखला तरच आत या, असं दार तिथे लागलं आहे.

याच्या नेमकी उलटी अडचण आपल्या पुण्यातल्या गेममध्ये आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' 2020मध्ये आला. पैशांची ओढाताण सोसून, लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही चिकाटीने पुरा केलेला गेम. राजवाड्यांच्या भिंतींवर पुराणकथांची चित्रं इतकी देखणी आहेत की हातातली लढाई सोडून बघत राहावं. पण चित्रासमोर उभं राहिलं की दुर्गा आणि विष्णू लगेच गोष्ट सांगायला लागतात. परदेशी खेळणाऱ्याला कळावं म्हणून हे केलं असणार, आणि त्याने त्यांचा फायदाही झाला असेल. पण समजावून सांगितलेला संदर्भ आणि कुलूप लावलेला संदर्भ, दोन्हींत खेळणाऱ्याला काम उरत नाही. ज्यांच्या हातात इतकी चांगली बोटं आहेत त्यांच्याकडून मला पुढचा गेम हवा आहे, आणि तो कशावर हवा तेही सांगतो.

हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईच्या नावासह, गावासह. दळताना एकीने ओळ सोडायची आणि दुसरीने तिला आपली जोडायची, हे जूनबगच्या गाण्याआधी कितीतरी शतकं आपल्या ओसरीवर होत होतं. माहेर, भाऊ, विठ्ठल, सीता, सावकार, सगळं त्यात आहे. पुण्यातल्या कोणत्याही तीन पोरांनी साडेआठ हजार डॉलरांत हे सुरू करून बघावं. पुढची ओळ खेळणाऱ्याला निवडू द्यावी. सीता कोण, सावकार कोण, हे सांगायला मध्ये कोणाला आणू नये. आणि गेम संपल्यावर जी नावं पडद्यावर वर सरकत जातात, त्यांत प्रोग्रॅमरच्या आधी ती ओवी जिने गायली त्या बाईचं नाव आणि गाव यावं, आणि गेम विकला जाईल तितक्या वेळा तिच्या घरी पैसे जावेत.